कामाची दखल घेणं म्हणजे नेमकं काय?

निरोपसमारंभ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. नोकरी सोडून जाणारी व्यक्ती हातात पुष्पगुच्छ धरून उभी असते आणि एकेक जण उठून बोलत असतो. ‘तिच्याकडे फाइल गेली की आम्ही निर्धास्त असायचो.’ ‘नवीन माणूस आला की त्याला हिच्याच शेजारी बसवायचो.’ माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या निरोपाला अशी सात-आठ भाषणं झाली. तिने त्या ऑफिसात नऊ वर्षं काढली होती. समारंभ संपल्यावर आम्ही दोघी जिना उतरत होतो. मधल्या वळणावर ती थांबली आणि म्हणाली, “मला वाटायचं, माझं काम कुणी बघतच नाही. यातलं एक वाक्य गेल्या वर्षी कुणी बोललं असतं, तर मी दुसरीकडे अर्जच केला नसता.”

भाषणांत खोटं काही नव्हतं. बोलणाऱ्यांत मीही होते आणि शब्द न् शब्द मनापासून बोलले होते. ते सगळं मला कितीतरी आधीपासून माहीत होतं, फक्त तिला सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आपण कौतुक, शाबासकी, आभार, बक्षीस, बढती हे सगळं एकाच पिशवीत घालतो. मला त्यापेक्षा ‘दखल’ हा शब्द जास्त नेमका वाटतो. दखल घ्यायची तर आधी काम पाहावं लागतं, मग ते कुणी केलं हे लक्षात ठेवावं लागतं, आणि ते त्या माणसापर्यंत पोचवावं लागतं. आमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी झाल्या होत्या, तिसरी फार उशिरा झाली. पण बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्याच पायरीवर अडते. ट्रॉफ्या, पॉइंट्स, नोटीस बोर्डावरचे फोटो यांवर खर्च होतो आणि काम नीट पाहिलेलं मात्र कुणीच नसतं. असं कौतुक तोंडदेखलं आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कारण आपल्या कामात खरं कठीण काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कुणी पाहिलं नाही तर काय होतं?

डॅन एरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक या तिघांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मला या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो. काम मुद्दामच कंटाळवाणं निवडलं होतं. कागदभर इंग्रजी अक्षरं कशीही छापलेली, त्यात एकच ठरावीक अक्षर जिथे जिथे लागोपाठ दोनदा आलं असेल त्या जागा शोधायच्या. पहिल्या कागदाचे 55 सेंट, पुढच्याचे 50, त्यापुढच्याचे 45, असा मोबदला उतरत जायचा. परवडत नाही असं वाटलं की थांबायचं.

लोकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटात माणूस कागदावर आपलं नाव लिहून द्यायचा, समोरचा कागदावरून नजर फिरवायचा, हुंकार द्यायचा आणि कागद गठ्ठ्यात ठेवायचा. एवढंच. ‘छान’ नाही की ‘शाब्बास’ नाही. दुसऱ्या गटात कागदावर नाव नसायचं आणि समोरचा त्याकडे न बघता तो सरळ गठ्ठ्यावर टाकायचा. तिसऱ्या गटात कागद हातात येताच मशीनमध्ये घालून त्याच्या चिंध्या केल्या जायच्या, काम करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

ज्यांचा कागद पाहिला गेला त्यांनी सरासरी नऊ कागद केले. ज्यांच्या कागदाच्या चिंध्या झाल्या ते साडेसहाच्याही आत थांबले. आणि ज्यांच्याकडे नुसतं दुर्लक्ष झालं? तेही सातपर्यंत पोचले नाहीत. म्हणजे कागद न बघता बाजूला ठेवणं हे तो डोळ्यांसमोर फाडण्याच्या फारसं पलीकडे नव्हतं. खरं तर या दोन्ही गटांना फसवायची पूर्ण मुभा होती. कुणी तपासतच नसल्यामुळे काहीही न शोधता कागद पुढे सरकवून पैसे घेता आले असते. तरीही ते लवकर उठून गेले.

ऑफिसात याची आवृत्ती रोज घडते. रात्री साडेअकराला पाठवलेल्या रिपोर्टला पोच येत नाही. तीन दिवस खपून केलेलं प्रेझेंटेशन मीटिंगमध्ये उघडलंच जात नाही. साहेबांच्या मनात राग नसतो, वाईट हेतूही नसतो, ते फक्त घाईत असतात. पण ज्याने ते काम केलं त्याला कागदाच्या चिंध्या झाल्याचाच आवाज ऐकू येतो. मग माणूस पाट्या टाकायला लागतो. पाट्या टाकणारी माणसं मुळातच तशी असतात असं आपण धरून चालतो. त्यातली कितीतरी जण एके काळी जीव ओतून काम करत होती.

याची उलट बाजूही मी अनुभवली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी दर महिन्याला एक भलामोठा तक्ता बनवायचे. त्यात मी न सांगता एक रकाना वाढवला होता: बिल निघालं त्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंत किती दिवस गेले. सहा महिने त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक दिवस दुसऱ्याच विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले, छापील तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा रकाना तुम्ही घातलात? का घातलात?” दहा मिनिटं आम्ही त्यावर बोललो. जाताना त्यांनी ना शाबासकी दिली ना आभार मानले. पण त्या प्रश्नाइतका आनंद मला पुढे कुठल्या प्रमाणपत्राने दिला नाही, कारण त्यांनी तक्ता खरोखर वाचला होता.

पगार, बक्षीस आणि एक थर्मास

‘कौतुक कशाला, पैसे द्या’ असं म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, की कामात सगळ्यात समाधान कधी वाटलं आणि सगळ्यात वैताग कधी आला. त्यावरून 1959 मध्ये त्यांनी मांडलं की समाधान देणाऱ्या आणि असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या असतात. काम तडीस नेणं, त्याची दखल घेतली जाणं, जबाबदारी मिळणं या गोष्टी समाधानाच्या आठवणींत पुन्हापुन्हा आल्या. कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती, पगार या मुख्यतः तक्रारींच्या बाजूला दिसल्या. या मांडणीवर पुढे टीकाही झाली. चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट घडलं की परिस्थितीला दोष देतो, त्यामुळे नुसत्या आठवणी विचारून असं चित्र येणारच, हा आक्षेप मला पटतो.

तरी त्यातला एक धागा कामाचा आहे. पगार कमी असल्याचं दुखणं कौतुकाने बरं होत नाही, आणि कुणी बघत नसल्याचं दुखणं पगारवाढीने जात नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत. म्हणून रखडलेल्या इन्क्रिमेंटच्या जागी प्रशस्तिपत्रक देणं मला अपमानकारक वाटतं. हक्काचे पैसे वेळेवर द्यायचे, आणि दखलेचा विचार त्याच्या पुढे सुरू करायचा.

पैशांचं आणि भावनेचं नातं एका जर्मन प्रयोगात फार छान दिसतं. सेबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे यांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथालयातल्या पुस्तकांची कॉम्प्युटरवर नोंद करायला तीन तासांसाठी विद्यार्थी नेमले होते, ठरलेली मजुरी 36 युरो. काहींना अचानक सात युरो जास्त दिले. कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास छान कागदात गुंडाळून भेट दिला. त्यांच्या हातून जवळपास पाव पट जास्त नोंदी झाल्या.

यावरून ‘लोकांना वस्तू आवडतात’ असा निष्कर्ष काढून कुणी थर्मासची ऑर्डर देईल. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी काही जणांना ‘पैसे हवेत की थर्मास?’ असं विचारलं, तर बहुतेकांनी पैसे घेतले आणि काम मात्र थर्मास मिळाल्यासारखंच वाढवलं. आणखी एका गटाला ते सात युरो रोखच दिले, पण पाच युरोच्या नोटेची घडी घालून छोटा शर्ट केलेला आणि दोन युरोच्या नाण्यावर हसरा चेहरा रंगवलेला. तिथेही काम वाढलं. कुणीतरी बसून आपल्यासाठी नोटेच्या घड्या घातल्या, हे त्या मुलांपर्यंत पोचलं होतं. रक्कम सारखीच होती, फरक होता तो घेतलेल्या तसदीचा.

आता बक्षीस-योजनांबद्दल, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथे होतो. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना कोडी सोडवल्याबद्दल पैसे मिळाले, त्यांचा पुढे मोकळ्या वेळातला कोड्यांमधला रस कमी झाला. ज्यांना नुसती तोंडी दाद मिळाली, त्यांचा तसा कमी झाला नाही. 1999 मध्ये डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा 128 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही हेच चित्र दिसलं. ‘हे केलंत तर ते मिळेल’ असं आधी सांगून दिलेलं बक्षीस मुळातली आवड कमी करू शकतं. कामाबद्दलचं चांगलं, मोकळं मत ती वाढवतं. मात्र ते मतही ‘असंच करत राहायला हवं हं’ अशा लगाम खेचणाऱ्या सुरात आलं तर त्याची गोडी जाते.

एका औद्योगिक लाँड्रीत हजेरीसाठी बक्षीस ठेवलं होतं. महिनाभर एकही दिवस विनाकारण गैरहजर नाही, उशीर नाही, अशा कामगारांच्या नावांची सोडत निघायची आणि विजेत्याला गिफ्ट कार्ड मिळायचं. टिमोथी गब्लर, इयान लार्किन आणि लामार पिअर्स यांनी तिथल्या नोंदी तपासून 2016 मध्ये अभ्यास छापला. वक्तशीरपणा सुरुवातीला वाढला. पण उशीर होणार असं दिसलं की काही कामगार आजारी असल्याचं कळवून सरळ रजा टाकायला लागले, कारण रजेने नाव बाद होत नव्हतं आणि उशिराने होत होतं. मला जास्त लागलं ते पुढचं. जे आधीपासूनच, कुणी न सांगता वेळेवर येत होते, त्यांच्या कामाचा वेग घटला. इतकी वर्षं वेळेवर येणाऱ्याला कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि आता उशिरा येणारा महिनाभर सुधारला म्हणून त्याचं नाव चिठ्ठीत. त्यांना काय वाटलं असेल हे समजायला संशोधक असण्याची गरज नाही.

मग सगळ्यांना सारखंच कौतुक द्यावं का? इथे उत्तर सरळ नाही. क्रिस्टियाने ब्राडलर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये छापलेल्या प्रयोगात 300 हून अधिक लोकांना तीन तासांचं डेटा एंट्रीचं काम दिलं होतं. काही गटांत मध्यंतरी सगळ्यांना आभाराचं कार्ड दिलं, काहींत फक्त सर्वोत्तम तिघांना. तिघांनाच दिलं तेव्हा गटाचं काम जास्त वाढलं, आणि वाढवलं ते मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांनी. आपल्या गटात चांगलं काम कशाला म्हणतात आणि आपण कुठे आहोत हे त्यांना कळलं होतं. पण हे तीन तासांचं काम होतं, मोजमाप उघड होतं आणि निवड निर्विवाद होती. ‘एम्प्लॉई ऑफ द मंथ’चं तसं नसतं. तिथे निवड कशावरून झाली हे सहसा कुणाला सांगता येत नाही, आणि दर महिन्याला आळीपाळीने एकेकाचा फोटो लागायला लागला की तो सन्मान उरत नाही, नुसती पाळी उरते.

जे काम दिसतच नाही

आग लागल्यावर ती विझवणाऱ्याचं नाव होतं. वायर गरम होतेय हे महिनाभर आधी ओळखून ती बदलणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, कारण त्याच्या कामाचं फळ म्हणजे काहीच न घडणं. सर्व्हर बंद न पडू देणारे, हिशेब जुळता ठेवणारे, नव्यांना शिकवणारे, दोन भांडणाऱ्या विभागांच्या मध्ये उभं राहून शब्द सौम्य करणारे, साफसफाई करणारे, रात्रपाळीचे, करारावरचे. यांचं काम चुकलं तरच दिसतं. नावं ठेवायला मग सगळे पुढे येतात.

वरिष्ठ माणूस वाईट असतो म्हणून असं घडतं असं नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 च्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बऱ्याच जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. स्वतःचे कष्ट आपल्याला बारकाव्यांसकट आठवतात, दुसऱ्याचे फक्त परिणाम दिसतात. टीम लीडरला आपण केलेले पंधरा फोन आठवतात. टीममधल्या मुलीने त्या फोनांसाठी रात्री काढलेली माहिती त्याच्यासाठी फक्त एक अटॅचमेंट असते. त्यामुळे ‘मला जेवढं दिसतं त्याहून प्रत्येकाचं काम जास्तच असणार’ असं गृहीत धरून चालणं रास्त आहे.

श्रेय वाटताना पूर्वग्रहही हात मारतात. हेदर सारसन्स यांनी अमेरिकन विद्यापीठांतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या कायम नेमणुका तपासल्या. एकटीने लिहिलेल्या शोधनिबंधाचं श्रेय स्त्रीला पुरुषाइतकंच मिळत होतं. पुरुषांबरोबर मिळून लिहिला की तिच्या वाट्याचं श्रेय आटत होतं. एकत्र केलेल्या कामात कुणी काय केलं हे स्पष्ट नसलं की रिकामी जागा पूर्वग्रह भरून काढतो. म्हणून मीटिंगमध्ये ‘टीमने छान काम केलं’ एवढ्यावर थांबू नये. कुणी काय केलं हे नाव घेऊन, क्रियापदासकट सांगावं.

मग सांगायचं कसं?

‘ग्रेट जॉब’ हे वाक्य कुणालाही, कधीही, काहीही न बघता म्हणता येतं, हीच त्यातली अडचण आहे. काय केलं आणि त्याने पुढे कुणाचं काय सोपं झालं, हे दोन्ही आलं की ऐकणाऱ्याला खात्री पटते. यातला दुसरा भाग आपण हमखास विसरतो, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. ॲडम ग्रँट यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांची पाचेक मिनिटं भेट घडवली गेली, त्याच पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. आपल्या कामाचं दुसरं टोक त्यांना दिसलं होतं. तुमच्याकडे ग्राहकाचं आभाराचं पत्र आलं असेल तर ते तुमच्या इनबॉक्समध्ये पडून राहू देऊ नका. ज्याच्या कामामुळे आलं, त्याच्याकडे जसंच्या तसं पाठवा.

साधे आभारही वाया जात नाहीत. ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या 2010 च्या लेखात अशाच देणगी गोळा करणाऱ्यांचा आणखी एक प्रयोग आहे. संचालक स्वतः येऊन ‘तुमच्या मेहनतीबद्दल मी मनापासून आभारी आहे’ एवढं बोलून गेल्या. ज्यांनी ते ऐकलं त्यांचे आठवड्यातले फोन निम्म्याहून जास्त वाढले, आणि त्यांचा पगार तर ठरलेला होता. एक फोन जास्त केला म्हणून कुणाला काही मिळणार नव्हतं.

चारचौघांत बोलावं की एकट्याला गाठून, हे माणसागणिक बदलतं. काहींना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं हवं असतं, काहींना त्याने घाम फुटतो. विचारलं तर लोक सांगतात. वेळेचं मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे. गॅलप ही सर्वेक्षण संस्था कर्मचाऱ्यांना जे बारा प्रश्न विचारते, त्यातला एक असा आहे: गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुम्हाला दाद मिळाली का? सात दिवस, वर्ष नव्हे. मार्चमधल्या अप्रेझलमध्ये जूनमधल्या कामाचं कौतुक ऐकताना माणसाला ते काम नीट आठवतही नसतं.

‘जास्त कौतुक केलं तर डोक्यावर बसतील’ ही भीती मी अनेक वरिष्ठांकडून ऐकली आहे. पोकळ स्तुतीने तसं होतही असेल. नेमक्या शब्दांत घेतलेल्या दखलेने कुणी डोक्यावर बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. शिवाय जो तुमचं चांगलं बारकाईने पाहतो, त्याने दाखवलेली चूकही ऐकून घ्यावीशी वाटते.

अडवणारं कारण बहुधा वेगळंच असतं, आणि ते म्हणजे संकोच. आता अचानक कसं बोलायचं, विचित्र वाटेल, शब्द नीट सुचणार नाहीत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये हेच तपासलं. लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा वाचणारे अधिक सुखावले, आणि त्यांना अवघडल्यासारखं कमी वाटलं. लिहिणारे आपले शब्द बरोबर आहेत का या चिंतेत होते, वाचणाऱ्यांपर्यंत आपुलकी पोचली होती.

मैत्रिणीच्या निरोपानंतर मी शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं राखून ठेवते. आठवड्यात आलेल्या मेल आणि फाइल वरपासून खाली बघत जाते आणि कुणाचं काय उपयोगी पडलं ते शोधते. बहुतेक वेळा एक-दोन नावं सापडतात. गेल्या शुक्रवारी पाठवलेली मेल तीन वाक्यांची होती: ‘परवाच्या फाइलमध्ये तू बंद झालेली खाती वेगळ्या शीटवर काढली होतीस. त्यामुळे ऑडिटच्या लोकांनी विचारल्यावर मला दोन मिनिटांत उत्तर देता आलं. हे तुला कुणी करायला सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे.’